पितृपक्षातली सूट

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

लालबाग, मुंबई
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. शेवंती,

आधी पोच. निघताना तू एसटीच्या डिकीत टाकलेलं गाठोडं आलं. त्यातून निघालं ते असं: उकडे तांदूळ दहा किलो, कुळथाचं पीठ दोन किलो, खाजं अर्धा किलो (त्यातलं निम्मं तुझ्या दादाने पनवेलच्या आत संपवलं), नारळ सात, पैकी एक फुटका. कंडक्टरने गाठोड्याचे साठ मागितले, मी चाळीस दिले. फुटक्या नारळाचे आणखी दहा कापायला हवे होते, हे उतरल्यावर सुचलं. नाक्यापासून चाळीपर्यंत हमाल पन्नास म्हणाला. पन्नास मिळत असतील तर मीच हमाल होते म्हटलं, आणि झाले.

फोन का केला नाही म्हणशील. आमच्या खोलीत रेंज नाही, गॅलरीत यावं लागतं, आणि गॅलरीत बोललेलं तळमजल्यावरच्या वाण्यालाही कळतं. पाकीट बंद असतं. पोस्टमनला दुसऱ्याची पत्रं वाचायला वेळ नसतो. शेजारच्या राधाबाईला असतो, पण तिच्या हातात ते पडत नाही.

आता इथलं नवल ऐक. मुंबईत टॉवर उभे आहेत आणि घेणारा नाही. दादरच्या मंडईत रात्री नऊनंतर भाजीवाली कशी मेथीच्या दोन जुड्यांवर तिसरी फुकट म्हणून मागे लागते, तशी बिल्डरांची गत झाली आहे. श्रावणापासून मी आणि राधाबाई चार टॉवर पाहून आलो. घर घ्यायला नव्हे गं. नुसतं बघायला गेलं तरी ते दारात थंडगार गाडी पाठवतात, कॉफी आणि सामोसे देतात, आणि निघताना हातात काहीतरी ठेवतात. आतापर्यंतची जमा: छत्र्या दोन, स्टीलचा डबा एक, साडी एक, लक्ष्मीचं चांदीचं नाणं एक. खर्च: शून्य. फक्त मोबाईल नंबर लिहावा लागतो, तो मी लेकाचा, आपल्या विनीतचा लिहिते. त्याला ऑफिसात दिवसभर फोन येतात आणि तो वैतागतो. वैतागाचा जमाखर्च मी ठेवत नाही.

चौथ्या टॉवरला, गणपतीला गावी यायच्या आधी, हे बरोबर आले आणि तिथे घोटाळा झाला. रे रोडला ह्यांची लाकडाची वखार होती ना, तिच्या पलीकडेच आहे हा टॉवर. नाव एवढं लांब आहे की लिहायला शाई परवडत नाही. खरी घरं अजून वर बांधायचीच आहेत, पण खाली एक सॅम्पल फ्लॅट करून ठेवलाय, म्हणजे दाखवायचं घर. पलंग, पडदे, टेबलावर लाकडाची सफरचंदं. तुझ्या दादाने त्यातलं एक उचलून चावून बघितलं. तरी घर आवडलं त्यांना.

तिथला विकणारा मुलगा अभय, सुटात असतो, फार गोड बोलतो. काल पुन्हा गेलो तर म्हणाला, अंकल, आत्ता बुक केलंत तर नऊ लाख कमी, वर मॉड्युलर किचन आणि दोन एसी. आत्ताच का, मी विचारलं. तर म्हणे, पितृपक्षात कोणी फिरकत नाही ना, आंटी, म्हणून साहेबांनी सूट काढली आहे, सर्वपित्री अमावास्येपर्यंत. मी म्हटलं, बाळा, पितरांच्या पंधरवड्यात नवं काही घेत नसतात. तो म्हणाला, "घेऊ नका ना. फक्त टोकन द्या. घ्या दसऱ्याला."

रात्रभर विचार केला. शास्त्र म्हणतं नको, नऊ लाख म्हणतात हो. मामंजींनी हयातीत कधी कोणती वस्तू सांगितल्या किमतीत घेतली नाही, तेव्हा त्यांची तरी हरकत नसावी.

निघताना ह्यांनी तुला साडी दिली ती नेसलीस का? रंग खुलेल तुला. पिशवीत एक कागद आहे, सातबाऱ्याचं काहीतरी काम आहे म्हणे. सही करून पाठव, तलाठ्याकडे खेपा वाचतील. मला त्यातलं फार कळत नाही.

तुझी
कौसल्या वहिनी


कसाल
शुक्रवार, १२ सप्टेंबर

वयनी,

साडी नेसले. अनंत चतुर्दशीला वाडीतल्या विसर्जनाला नेसले. आरतीला उभी राहिले तर समोर राधाबाईची सून प्रिती, हीच साडी, हाच काठ. तिच्या बाजूला तिची जाऊ, तीच साडी. भटजी म्हणाले, "महिला मंडळ काढलंत वाटतं?" प्रिती पोटात काही ठेवणारी नाही. म्हणाली, "आत्या, ही टॉवरवाल्यांची हो. नुसतं घर बघायला गेलं की देतात. आमच्या सासूबाईंनी दोन आणल्या."

मग तुझं पत्र आलं. "जमा: साडी एक." तुझा हिशोब कधी चुकत नाही, हेच तुझं वाईट.

आणि तो कागद. मॅट्रिक पास बाई तू, पंचांग तोंडपाठ, लाईटबिलात चार रुपये जास्त आले तर ऑफिसात जाऊन भांडतेस, आणि तुला त्यातलं फार कळत नाही? मी सातवी. मला कळलं. हक्कसोडपत्र आहे ते. बाबांच्या मागे दादाच्या आणि माझ्या नावावर असलेली रस्त्याकडची जागा, तिच्यातला माझा हक्क मी "राजीखुशीने व प्रेमापोटी" सोडते, असं लिहिलंय. माका येडी समाजतस काय गो?

त्या जागेत माझं हॉटेल आहे. पत्रे आणि सहा बाकडी, पण माझं. नवरा वारल्यावर मी परत आले तेव्हा दादा तिकडे वखारीत, तू तिकडे चाळीत. बाबांनी रस्त्याकडेचा हा तुकडा दाखवला आणि म्हणाले, "हयसर चूल मांड." मांडली. आता हायवे मोठा झाला, जागेला भाव आला, आणि दादाला माझ्या प्रेमाची आठवण झाली.

गाड्या माझे घावणे खायला थांबतात असं दादाला वाटतं. तसं काही नाही. मी मागे दोन स्वच्छ संडास बांधलेत, पाणी, साबण, दाराला कडी, आणि रस्त्यावर तशी पाटी लावलीय. गाडी थांबते. बायका उतरतात ते थेट मागे पळतात. दहा मिनिटांनी शांत चेहऱ्याने पुढे येतात आणि मग विचारतात, "काय आहे खायला?" तेव्हा घावणे होतात. वीस वर्षं मी त्या "काय आहे खायला" वर जगते.

बिल्डर तुला साडी देतो, तू फ्लॅट घ्यावास म्हणून. दादा तीच साडी मला देतो, मी जागा सोडावी म्हणून. आता मी ही कोणाला देऊ ते सांग, म्हणजे मलाही काहीतरी मिळेल.

सही केलेली नाही. टोकन दिलं की नाही तेवढं खरं लिही.

शेवंती


॥ श्री ॥

लालबाग
सोमवार, १५ सप्टेंबर

चि. शेवंती,

पत्र आज अकराला आलं. स्पीड पोस्ट म्हणतात, पण एक दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं. टोकन काल दिलं. एक लाखाचा चेक.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. साडीची एवढी चेष्टा करायला नको होती, कापड चांगलं आहे. मग पुन्हा वाचलं आणि राग कोणावर धरावा कळेना, म्हणून विष्णुसहस्रनाम म्हणायला बसले. अर्ध्यात उठून हे लिहिते आहे.

काल काय झालं ते. अभयने सकाळी सातलाच गाडी पाठवली. आमच्या मजल्यावर सकाळी रांग असते, तुला माहीत आहे, आणि ह्यांचा नंबर यायच्या आधीच खाली हॉर्न वाजला. एवढं लक्षात ठेव. तिथे गेल्यावर ह्यांना जरा अडचण आली. काय अडचण, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्या अडचणीत असताना त्यांनी फॉर्म भरायला होकार दिला. मी त्यांचा चेहरा बघून त्यांना थांबवलं असतं, पण त्यांचा चेहरा त्या वेळी मला दिसत नव्हता.

चेक मात्र मी माझ्यासमोर लिहायला लावला आणि तारीख घटस्थापनेची घालायला लावली, म्हणजे पुढच्या सोमवारची. पितृपक्षात आपल्या खात्यातून पैसा हलायला नको. अभय तोंड वाकडं करून हो म्हणाला. आता अमावास्येच्या संध्याकाळपर्यंत दहा टक्क्यांची व्यवस्था दाखवायची. नाही दाखवली तर सूट गेली आणि टोकनही गेलं. राहिलेले विनीत कर्ज काढून आणि ही खोली विकून. दहा टक्के रस्त्याकडच्या जागेतून. कणकवलीचा एक माणूस जागा घ्यायला तयार आहे. हक्कसोडच आहे तो कागद. मला पहिल्यापासून माहीत होतं.

आता माझं ऐक आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आमच्या मजल्यावर खोल्या बावीस आणि गॅलरीच्या टोकाला संडास चार. त्यातला एक कायम तुंबलेला. तिसऱ्याला आतून कडी नाही, एका हाताने दार धरून बसायचं. माझे गुडघे बसतात पण उठत नाहीत. आषाढी एकादशीला मी बसले ती उठेना. हाका मारायलाही लाज. शेवटी राधाबाईने दार ढकललं आणि दोन्ही हात धरून मला ओढून काढलं, विहिरीतून घागर काढावी तसं. तिने कोणाला सांगितलं नाही, असं ती सगळ्यांना सांगते.

त्या सॅम्पल फ्लॅटात खिडकीतून बंदर दिसतं म्हणून हे वेडे झाले. मी बंदर बघितलंच नाही. मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. पांढराशुभ्र कमोड, खुर्चीसारखा, दाराला कडी, उजेड. मी तिथे उभी राहून हात जोडायची बाकी होते. शेवंती, मला एसी नको, किचन नको. घराच्या आत, कडी लावून, कोणी बाहेरून "झालं का?" न विचारता बसायचं एक ठिकाण मला हवं आहे. अठ्ठावन्न वर्षांची झाले. ही गोष्ट देवाकडे मागायची म्हणजे त्याच्या वेळेचा अपमान, म्हणून तुझ्याकडे मागते.

सही कर. तुझं हॉटेल दुसरीकडे मांडता येईल.

कौसल्या वहिनी


कसाल
गुरुवार, १८ सप्टेंबर

वयनी,

तुझं पत्र वाचताना हॉटेलात गिऱ्हाईक होतं, म्हणून मागे जाऊन वाचलं. कुठे जाऊन वाचलं असेल ते ओळख. कडी लावून, निवांत. आणि रडले. मग बाहेरून एका बाईने दार वाजवलं, "झालं का?" म्हणाली. म्हणजे हा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

तुझ्या गुडघ्यांचं आधी का नाही बोललीस गो? गणपतीत आठ दिवस इथे होतीस, सगळ्यांची ताटं उचललीस, एकदा तरी सांगायचंस.

पण सही नाही करणार. दुसरीकडे मांड म्हणतेस. दुसरीकडे बाबांनी चूल दाखवलेली नाही आणि दुसरीकडे माझ्या नावाचा सातबारा नाही. त्या कणकवलीवाल्याला मी ओळखते. तो तिथे पेट्रोल पंप टाकणार आणि माझे संडास सगळ्यात आधी पाडणार.

बिल्डरच सूट देतात असं नाही. माझीही ऑफर घे. हॉटेलमागे तिसरा संडास बांधते, कमोडचा, तुझ्या एकटीसाठी, किल्ली तुझ्याकडे. पाणी विहिरीचं, चोवीस तास. टोकन नाही, हप्ता नाही, ताबा लगेच. हवे तेवढे महिने येऊन राहा. पितृपक्षात घ्यायचा नसेल तर दसऱ्याला घे. साडी देत नाही, ती तुझ्याकडे आहेच. प्रितीकडून आणखी एक मिळेल.

पटत नसेल तर बाबांना विचारा. अमावास्येला त्यांचं पान वाढाल ना गच्चीवर? दादाने पानासमोर उभं राहून, मोठ्याने सांगावं: बाबा, शेवंतीच्या हॉटेलाची जागा विकतो. कावळा शिवला तर मी स्वतः लालबागला येते आणि मागाल तिथे सही करते. रवळनाथाची शपथ. नाही शिवला तर पुन्हा हा विषय नाही. दादाला हे वाचून दाखव. भावाबहिणीत तंटा नको, कावळा ठरवील.

सोलं पाठवली आहेत. ती ज्या कागदात बांधली आहेत तो जपून सोड, तुमचाच आहे.

आणि दादाची अडचण काय ती नीट लिही. मी एकटी बाई, इथे टीव्ही चालत नाही, मला करमणूक काय आहे?

शेवंती


॥ श्री दुर्गा प्रसन्न ॥

लालबाग
सोमवार, २२ सप्टेंबर, पहिली माळ

चि. शेवंती,

पोच: सोलं एक किलो, उत्तम. हक्कसोडपत्र एक, सोलांचं पाणी लागून तांबडं झालेलं, "प्रेमापोटी" एवढंच वाचता येतं. पार्सल सोडवायला पोस्टात रांग, आणि पोस्टमनला घटाचे दहा दिले. तो नको म्हणत होता, पण हात पुढेच होता.

आता अडचण. वाच आणि चुलीत घाल.

त्या रविवारी ह्यांचा सकाळचा नंबर चुकला होता हे तुला लिहिलंच आहे. गाडीत एसी, वर तिथे गेल्या गेल्या कडक कॉफी. सॅम्पल फ्लॅटात शिरले ते थेट न्हाणीघरात, आणि कडी लावली. मला वाटलं, नळ बघत असतील. बऱ्याच वेळाने आतून खटखट ऐकू आली, खटखट, खटखट. मग ह्यांचा आवाज, अगदी बारीक: "कौसल्ये, पाणी येत नाही गं."

शेवंती, पाणी येणार कुठून? ते दाखवायचं घर. नळाला पाइप नाही. कमोड नुसता फरशीवर आणून ठेवलेला, मागे पुठ्ठा. टेबलावरच्या सफरचंदांवरून तरी कळायला हवं होतं माणसाला. पण आयुष्यभर चाळीत रांग लावलेला माणूस, बंद दाराचा रिकामा संडास दिसला की त्याला दुसरं काही सुचत नाही.

तेवढ्यात घाटकोपरचं एक कुटुंब न्हाणीघर बघायला दाराशी आलं, आजी-आजोबांसकट. अभय त्यांच्यापुढे. त्याने माझ्याकडे बघितलं, मी देवाकडे. मुलगा हुशार. त्या लोकांना म्हणाला, आधी बाल्कनी बघू. मग दाराला तोंड लावून विचारलं, "अंकल, बाथरूम आवडला?"

आतून: "हो."

"मग फॉर्म भरू या?"

आत पुन्हा एकदा खटखट. मग आतून: "भरा."

असं आपलं घर बुक झालं. अभयने सफाईवाल्याला बोलावलं, ह्यांना मागच्या दाराने काढलं आणि कोणाला काही कळू दिलं नाही. त्या उपकाराखाली तुझ्या दादाने चेकवर सही केली. मला चांदीचं दुसरं नाणं मिळालं.

आता कावळा. तुझं पत्र शनिवारी आलं, ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, चालेल, बाबा माझेच आहेत. काल गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी तुझ्याच सोलांची. पण सर्वपित्रीला लालबागमध्ये घरोघरची पानं गच्चीवर येतात. पानं ढीगभर आणि कावळे तेवढेच. त्यांची पोटं अकरालाच भरली होती. टाकीच्या पाइपावर तीन बसले होते, आमच्या पानाकडे बघायचे आणि मान फिरवायचे, आम्ही बिल्डरांकडे बघतो तशी. मला अभयची दया आली.

मी काय केलं होतं ते आता लिहिते. अमावास्येची ही तऱ्हा मला दरवर्षीची माहीत. म्हणून राधाबाईकडून सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा आणून मुठीत धरून ठेवला होता. श्राद्धाच्या पानाला मासळीचा वास, मला नरकातही जागा मिळायची नाही. पण बांगडा मामंजींचा जीव की प्राण होता, आणि कावळा कितीही जेवलेला असो, बांगड्याला नाही म्हणत नाही. टाकायचा कधी, तेवढंच माझ्या हातात होतं.

हे पानासमोर उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "बाबा, रस्त्याकडची जागा विकतो. विनीतला घर होईल."

कावळा बघतोय. माझी मूठ बंद. शेवंती, खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला तो पांढरा कमोड डोळ्यांसमोर दिसला. मूठ उघडायची, एवढंच. तू शपथ घेतलेली, तू आली असतीस, सही केली असतीस. मग मला त्या कमोडमागचा पुठ्ठा दिसला. आणि तुझ्या हॉटेलात गाडीतून उतरून मागे पळणाऱ्या बायका दिसल्या. त्यांचे चेहरे मला दिसायची गरज नव्हती, ते मला माहीत आहेत. मी मूठ आवळली.

ह्यांनी बरंच कबूल केलं मग. विनीतचं लग्न लावतो. शनिवारची क्वार्टर सोडतो. गावच्या देवळाला घंटा देतो. कावळा ढिम्म. दोन वाजत आले, ऊन डोक्यावर, पोटात काही नाही. मी हळूच म्हटलं, "शेवंतीची जागा शेवंतीकडेच राहील म्हणून बघा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. मग पानाकडे वळले आणि म्हणाले, "बाबा, शेवगीची जागा शेवगीचीच. विकत नाही." तुला लहानपणी शेवगी म्हणायचे ना, तीस वर्षांनी ऐकलं मी ते नाव. मी पान नीट करायच्या निमित्ताने वाकले. उभी राहते न राहते तोच तिन्ही कावळे पानावर.

ह्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी. "बाबा," म्हणाले, एवढंच. मीही हात जोडले, पण उजवा मुठीसारखा मिटूनच, वास येत होता.

देवाने विचारलं तर सांगेन, बिल्डर देतो, दादा देतो, शेवंतीसुद्धा देते, मग कावळ्यालाच का नाही? तू मात्र ह्यांना कधीही सांगू नकोस. म्हणूनच फोन केला नाही.

आता राहिला चेक. आज घटस्थापना, आजची तारीख. पहाटे घट बसवला आणि बँक उघडायच्या आत रे रोडला पोचले. गाडी मागवायला फोन केला होता, पण घर नको म्हणायला येते म्हटल्यावर गाडी नाही म्हणाले. चालत गेले, गुडघ्यांसकट.

अभय म्हणाला, "आंटी, टोकन परत नसतं मिळत."

मी म्हटलं, "मी कुठे मागते आहे? पाय दुखतात, बसते जरा." आणि माळ काढून बसले, न्हाणीघराच्या दाराशी असलेल्या सोफ्यावर. त्याने सवयीने कॉफी दिली. पहिल्या माळेची गर्दी होती. पहिलं जोडपं आलं, नवीन लग्न झालेलं. मी म्हटलं, "बघा हं, घर सुंदर आहे. फक्त आतल्या संडासात बसू नका. दिसतो, पण नाही. आमचे हे फसले." ती मुलगी हसली, मुलगा आत जाऊन कमोडमागे हात घालून आला. दुसरे आले, त्यांनाही सांगितलं. तिसऱ्यांनी विचारलं, "मग काय केलं तुमच्या मिस्टरांनी?" मी म्हटलं, "फॉर्म भरला."

"आंटी, प्लीज," अभय म्हणाला.

"बाळा, मी खोटं बोलत्ये का?"

चौथं कुटुंब यायच्या आत आतून एक मोठे साहेब आले, चेक पाकिटात घालून दिला आणि मला "मातोश्री" म्हणाले. चांदीची नाणी परत मागितली. मी म्हटलं, ती घटावर ठेवली आहेत, नऊ दिवस हलवता येत नाहीत, नंतर बघू. अभय फाटकापर्यंत आला. म्हणाला, "आंटी, तुम्ही आमच्याकडे नोकरी का नाही करत?" चांगला मुलगा आहे. त्याला विनीतचा नंबर देऊन आले.

तुझ्या दादाची जी गोष्ट अभयने झाकली, ती मी सकाळभर परक्यांना सांगितली, हे त्यांना राधाबाईकडून कळलंच. तिची बहीण त्या जोडप्यांत होती. दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीत. पण संध्याकाळी गॅलरीच्या टोकाला गेले, तर तिसऱ्या संडासाच्या दाराला आतून नवी कडी, आणि बाजूच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर सागवानी दांडा बसवलेला, धरून उठायला. चार स्क्रू, चारही सरळ. कोणी बसवला विचारलं तर मजल्यावर कोणी बोलायला तयार नाही. वखारीत आयुष्य काढलेल्या माणसाला लाकूड कळतं, बोलणं कळत नाही. मी त्यांना रात्री दोन घावणे जास्त वाढले, तेही न बोलता.

तुझी ऑफर घेते. दसरा झाला की येते, महिनाभर राहीन, हेही येतील, आता कुठे बसायचं ते विचारून बसतील. कमोडचा निम्मा खर्च माझा, पांढरा नको, मळखाऊ रंग घे. मात्र बसवल्यावर पाइप जोडून, स्वतः साखळी ओढून बघ. पाणी धो धो आलं, डोळ्यांनी दिसलं, की त्याच दिवशी उलट टपाली कळव. तिकीट तोवर काढत नाही.

तुझी
कौसल्या वहिनी